पाव कोणाच्या हातचा?

आम्ही नवघरच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. नवघर म्हणजे भाईंदर पूर्वेचं जुनं गाव. 1985 साली इथे नगरपरिषद आली, 2002 साली महानगरपालिका झाली, चहूकडे इमारती उभ्या राहिल्या. पण गावठाण अजून आहे, आणि मिठागरांचं गाव ही ओळखही पुरती पुसलेली नाही.

मागे एका बैठकीत आम्ही ठरवलं, की घरच्या घरी पाव करायला शिकायचं. बेकरीतला लादीपाव नाही, फ्रेंच लोक खातात तसा लांबट, वरून कडक आणि आतून मऊ पाव. त्याला दूध, तूप, अंडं काही लागत नाही. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट, एवढंच. सगळ्या हो म्हणाल्या. तेवढ्यात आमच्यातल्या एक काकी बोलल्या, "माझ्या आईनं उभ्या जन्मात घरात पाव येऊ दिला नाही. पायानं तुडवतात म्हणून तर त्याला पाव म्हणतात." आम्ही हसलो. पण घरी गेल्यावरही ते वाक्य मनातून जाईना. वडापाव सगळेच खातो, मग आपल्या आज्यांना पावाची एवढी धास्ती का होती? म्हणून पीठ मळण्याआधी आम्ही त्याचा इतिहास धुंडाळला. तोच आज सांगतो.

आधी शब्दाचं बघू. पाव आणि पाय यांचा काही संबंध नाही. पोर्तुगीज भाषेत या पदार्थाला 'पांव' म्हणतात, तोच शब्द आपल्याकडे रुळला. 1534 साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई आणि साष्टी बेट पोर्तुगिजांना दिलं. आपलं मीरा-भाईंदर हे त्याच साष्टीचं उत्तरेचं टोक. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. म्हणजे मधली दोनशे वर्षं या भागावर पोर्तुगिजांचा अंमल होता.

आता कोकण हा भाताचा मुलूख. आपली भाकरी तांदळाची. तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिकट ताण नसतो, त्यामुळे त्याचा पाव फुगत नाही. गहू बाहेरून आणता आला, पण पीठ फुगवायचं कशानं? त्यावर इथल्याच माडाची ताडी कामाला आली. ताडी आपसूक आंबते, तिनं पीठही फुगतं. गोव्याचे पोदेर, म्हणजे पाववाले, ताडी घालूनच पाव करत. आपल्या उत्तन-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नकार्याला फुगे करतात, त्यांचं पीठही पूर्वी ताडीवरच फुगायचं. म्हणजे पाव परदेशातून आला खरा, पण त्याला फुगवलं आपल्या माडानं.

मग भीती कुठून आली? वसई, साष्टी आणि गोव्याकडे एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पाद्री रात्री विहिरीत पाव टाकायचे, सकाळी गाव ते पाणी प्यायचं आणि मग "तुम्ही बाटलात" म्हणून आख्ख्या गावाला धर्माबाहेर काढलं जायचं. मैत्रिणींनो, या गोष्टीत पाव टाकणाऱ्याला सगळे नावं ठेवतात. पण पाणी प्यालेल्या शेजाऱ्याला दार लावून घेणारे कोण होते? ते आपलेच. पावाचा तुकडा काही कुणाला बाटवत नाही. त्याच्यावरून माणसं तोडायला आपण तयार होतो, म्हणून त्या तुकड्यात एवढं बळ आलं.

हे ओळखणारी माणसंही आपल्याकडेच झाली. 1849 साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडायचा, पण लोकांच्या धाकानं सभा गुप्त ठेवलेली. सभेत येणाऱ्याला ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खावा लागे. पुढे सभासदांची नावं फुटली आणि 1860 च्या सुमारास सभा मोडली. विचार करा, शिकलेसवरलेले लोक, पण पावाचा एक घास खायला त्यांना दार बंद करावं लागत होतं!

आता जरा फ्रान्सकडे जाऊ, कारण आपल्याला करायचाय तो पाव तिथला. तिथे पाव म्हणजे आपली भाकरी. 1789 साली तिथे पाव महागला, मिळेनासा झाला. 5 ऑक्टोबरला पॅरिसच्या बाजारातल्या बायका भर पावसात राजाच्या व्हर्सायच्या वाड्यावर चालत गेल्या. अंतर सुमारे 20 किलोमीटर. दुसऱ्या दिवशी राजा-राणीला घेऊनच त्या परतल्या आणि म्हणाल्या, आम्ही पाववाल्याला, पाववालीला आणि त्यांच्या पोराला घेऊन आलो! रेशनच्या दुकानासमोर जी उभी राहिली आहे, तिला या बायका परक्या वाटणार नाहीत. त्या देशातल्या 'बागेत' नावाच्या लांब पावाची कला आणि संस्कृती 2022 साली युनेस्कोने जगाच्या वारशात धरली.

आता आमच्या पावाचं ऐका. पहिला पाव दगड झाला. आम्ही यीस्टवर कढत पाणी ओतलं होतं. यीस्ट जिवंत असतं. आंबवण्याचं काम जिवंत सूक्ष्मजीव करतात, हे फ्रान्सच्याच लुई पाश्चर यांनी 1857 पासूनच्या प्रयोगांतून दाखवलं. कढत पाण्यानं ते मरतं. अर्धा किलो मैदा वाया गेला आणि तो खर्च वहीत कुणाच्या नावावर टाकायचा यावरून बोलाचालीही झाली. शेवटी गटाच्या नावावर टाकला, कारण चूक सगळ्यांची होती.

दुसऱ्यांदा जमलं, ते असं. 500 ग्रॅम मैदा, 10 ग्रॅम मीठ, दीड छोटा चमचा कोरडं यीस्ट आणि 325 मिली कोमट पाणी. पाणी बोटाला सुखाचं वाटेल इतपतच कोमट. 10 मिनिटं चांगलं मळा. पीठ हाताला थोडं चिकटेल, पण वरून मैदा घालत बसू नका. झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवा, आपल्या हवेत तास-दीड तास पुरतो. मग लांबट वळून पुन्हा अर्धा तास ठेवा आणि वरून सुरीनं तिरक्या चिरा द्या. ओव्हन असेल तर 220 अंशांवर साधारण 25 मिनिटं भाजा. आत उकळत्या पाण्याची वाटी ठेवली की वाफेनं कवच छान होतं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर द्या, वर स्टँड ठेवून झाकण लावा आणि चांगलं तापू द्या. मग ताटलीत आखूड पाव ठेवून मध्यम आचेवर 35 ते 40 मिनिटं भाजा. वरून फिका राहिला तर तव्यावर उलटा. खालून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला समजा. ओव्हनइतका कडक होणार नाही, पण पोरं पुन्हा मागतील.

आणि काकी? पहिल्या दिवशी त्या लांब बसून बघत होत्या. दुसऱ्या वेळी आमचं मळणं बघवेना, तेव्हा "सरका" म्हणत पुढे आल्या. जन्मभर आंबोळीचं पीठ आंबवणारा हात. पीठ कधी तयार झालं ते त्यांना घड्याळाशिवाय कळलं. पाव मात्र त्यांनी खाल्ला नाही. नातवासाठी अर्धा पदरात बांधून नेला. आम्ही आग्रह केला नाही. आईला दिलेला शब्द त्यांचा, तो केव्हा सोडायचा तेही त्यांनीच ठरवायचं.

तुमच्या गटात कुणाच्या हातचं कोण खात नाही, हे एकदा मनाशी बघा. आणि पुढच्या बैठकीला पीठ मळाल, तेव्हा परातीत त्या बाईचाही हात असू द्या.