युनिटचा वैज्ञानिक सल्लागार: काल्पनिक फौज इतिहासाचं साधन कशी होते?

टीव्ही मालिका, सिनेमे, विज्ञानकथा यांना इतिहासाचं साधन म्हणता येतं का? संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न हमखास पडतो. उत्तर आहे, हो. फक्त त्या साधनाला कोणता प्रश्न विचारायचा हे आधी ठरवावं लागतं. आज एक उदाहरण घेऊन बघू: बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेतली ‘युनिट’ ही फौज. परग्रहावरून येणाऱ्या संकटांपासून पृथ्वीचं रक्षण करणं, हे तिचं काम. मूळ पूर्ण नाव ‘युनायटेड नेशन्स इंटेलिजन्स टास्कफोर्स’.

फौज का जन्मली?

मालिका सुरू झाली १९६३ साली. डॉक्टर हा नायक स्वतःच परग्रहावरचा, काळातून आणि अवकाशातून भटकणारा. १९६८च्या सुरुवातीला ‘द वेब ऑफ फिअर’ या कथेत लंडनच्या भुयारी रेल्वेत लेथब्रिज-स्टुअर्ट नावाचा कर्नल भेटतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या ‘द इन्व्हेजन’मध्ये तो ब्रिगेडियर झालेला असतो आणि युनिट पहिल्यांदा पडद्यावर येते.

कारण काय? शीतयुद्ध, संयुक्त राष्ट्रांवरचा विश्वास वगैरे उत्तरं लगेच सुचतात. ती चुकीची नाहीत, पण साधं कारण पैशाचं होतं. दर कथेला नवा ग्रह उभा करणं महाग पडत होतं. म्हणून १९७० सालापासून, मालिका रंगीत होताना, डॉक्टरला शिक्षा म्हणून पृथ्वीवरच अडकवून ठेवलं. मग पृथ्वीवर राहून तो करणार काय? त्यासाठी युनिट हाताशी होतीच. थोडक्यात, कोणत्याही साधनाचा अर्थ लावायच्या आधी ते कोणी, कशासाठी आणि किती पैशात तयार केलं हे विचारा.

आणखी एक गोष्ट. ‘द इन्व्हेजन’च्या आठ भागांपैकी पहिला आणि चौथा भाग आज उपलब्ध नाहीत. त्या काळी बीबीसी जुन्या टेप पुसून पुन्हा वापरायची. प्रेक्षकांनी घरी रेकॉर्ड केलेल्या आवाजावरून २००६ साली ते भाग ॲनिमेशनमध्ये उभे केले. म्हणजे आज आपण ‘पाहतो’ त्यातला काही भाग मूळ नाही, पुनर्रचना आहे. प्रबंधात हा फरक लिहावाच लागेल.

सल्लागाराची जागा

डॉक्टर युनिटचा वैज्ञानिक सल्लागार होतो तेव्हाच्या त्याच्या अटी गमतीशीर आहेत. पगार नको, प्रयोगशाळा हवी, उपकरणं हवीत आणि हो, एक गाडी हवी. त्याच्या जोडीला केंब्रिजची शास्त्रज्ञ लिझ शॉ येते. वर्षभरातच ती परत जाते. डॉक्टरला फक्त टेस्ट ट्यूब हातात देणारं आणि वाहवा करणारं माणूस हवं आहे, अशा अर्थाचं काहीतरी बोलून ती गेल्याचं पुढे ब्रिगेडियर सांगतात. प्रयोगशाळेत दिवस काढलेल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको!

पण सल्लागाराच्या हातात नेमकं किती असतं? ‘डॉक्टर हू अँड द सायल्युरियन्स’ या १९७०च्या कथेत याचं उत्तर मिळतं. लेखक माल्कम हल्क. सायल्युरियन हे परग्रहावरचे नाहीतच. माणसाच्या फार आधी पृथ्वीवर नांदलेले, गुहांत दीर्घ निद्रेत गेलेले हे सरीसृप. (सायल्युरियन कालखंडात सरीसृप नव्हतेच. ही चूक मालिकेनेच पुढे एका कथेत मान्य केली.) ते जागे होतात आणि माणसांत साथ पसरवतात. डॉक्टर साथीवर औषध शोधतो आणि युक्तीने त्यांना पुन्हा झोपवतो. पुढे त्यांच्याशी समेट करावा, असा त्याचा विचार असतो. पण त्याची पाठ फिरताच ब्रिगेडियर गुहा उडवून देतात.

नीट बघा, सल्लागाराचं विज्ञान इथे यशस्वी झालं आहे. शत्रू झोपला, म्हणूनच त्याला एका फटक्यात संपवता आलं. ज्ञान डॉक्टरचं, निर्णय मात्र ब्रिगेडियरचा. आणि ब्रिगेडियर खलनायक नाहीत. प्रेक्षकांचं त्यांच्यावर पुढेही प्रेम राहिलं.

असं खऱ्या इतिहासातही झालं आहे. जून १९४५मध्ये जेम्स फ्रांक यांच्या अध्यक्षतेखाली शिकागोच्या शास्त्रज्ञांनी अहवाल दिला, की अणुबॉम्ब आधी निर्जन जागी जगाला दाखवावा. ६ ऑगस्टला तो हिरोशिमावर पडला. हल्क यांच्या मनात हाच अहवाल होता, असं मात्र म्हणायचं नाही. साम्य दिसलं म्हणजे संबंध सिद्ध झाला असं होत नाही.

खुर्ची बदलली तर?

मग निर्णयाची खुर्चीच शास्त्रज्ञाला दिली तर? २०१२ साली मालिकेने तेच केलं. ब्रिगेडियरची मुलगी केट स्टुअर्ट, स्वतः शास्त्रज्ञ, युनिट चालवताना दिसते. पण २०१३च्या ‘द डे ऑफ द डॉक्टर’मध्ये झायगॉन हे रूप बदलणारे परग्रहवासी टॉवर ऑफ लंडनखालच्या शस्त्रागारात घुसतात, तेव्हा तीच केट लंडनसकट सगळं उडवायला अण्वस्त्र सुरू करते. खुर्चीतलं माणूस बदललं, बटण तेच राहिलं.

सुटका होते ती वेगळ्याच मार्गाने. डॉक्टर सगळ्यांची स्मृती तात्पुरती पुसतो. माणूस कोण आणि झायगॉन कोण, हे खुद्द त्यांनाच कळेनासं होतं, आणि मगच न्याय्य तहाची बोलणी सुरू होतात. तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचा ‘अज्ञानाचा पडदा’ वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: आपण कोणत्या बाजूचे हे माहीत नसताना केलेले नियमच न्याय्य.

१९७० आणि २०१३ या दोन कथा शेजारी ठेवल्या की साधन बोलायला लागतं. परग्रहवासीयांबद्दल त्यातून काही कळत नाही. विज्ञानावर ताबा कोणाचा, या प्रश्नाने एका समाजाला किती वर्षं छळलं, ते मात्र कळतं. आपल्यातले काही जण उद्या संरक्षण, अणुऊर्जा, अवकाश अशा क्षेत्रांत जातील. सिनॉप्सिसमध्ये ‘उपयुक्तता’ असा एक रकाना असतो. तो भरताना स्वतःला विचारा: उपयोग कोणाला, आणि तो कसा करायचा हे ठरवताना मी त्या खोलीत असेन का?