मांडवा बंदर : वाटचाल आणि पुढचा टप्पा

मुंबईहून अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याला यायचे दोन मार्ग आहेत. पनवेल, पेण, वडखळ करत रस्त्याने आले तर शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि वडखळच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली तर पोहोचायची वेळ सांगता येत नाही. समुद्राने आले तर तासाभराचा पल्ला. या एका तासाच्या जोरावर मांडवा बंदर वाढले. सासवणे, आवास, किहीम, चोंढी, झिराड, रेवस, बोडणी या पंचक्रोशीचे बरेवाईटही त्याच तासाशी जोडले गेले. म्हणून बंदराचा आढावा घेताना किती जहाजे लागली आणि किती प्रवासी उतरले, एवढे मोजून भागत नाही. या धक्क्यामुळे गावात राहणाऱ्या माणसाचे काय झाले, हेही विचारावे लागते.

लाँचचे दिवस

या किनाऱ्याचे पोट भात, नारळी-सुपारीच्या वाड्या आणि मासळी यांवर चालत आले. तिन्हींत खायला मिळे, पण हाती रोकड फारशी उरत नसे. मुंबई समोरच होती. त्यामुळे घरातला कर्ता पुरुष गिरणीत, गोदीत किंवा कचेरीत आणि म्हातारी माणसे, बायका-मुले गावाला, अशी रीतच पडली. महिन्याची मनीऑर्डर आणि गणपती-शिमग्याला येणारे चाकरमानी यांवर गावाचा खर्च भागे. हे येणेजाणे रेवसच्या आणि मांडव्याच्या लाँचने होई.

त्या प्रवासाची जबर किंमत या भागाने मोजली आहे. 17 जुलै 1947 रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांतली कितीतरी सणासाठी घरी निघालेली होती. मासळी घेऊन मुंबईकडे चाललेल्या कोळ्यांनी होड्या वळवल्या आणि हाताला लागतील तेवढी माणसे पाण्यातून वर ओढली. पावसाळ्यातला हा समुद्र काय करू शकतो, हे तेव्हापासून इथल्या घराघराला ठाऊक आहे.

समुद्रमार्गाला रस्त्याचा पर्याय म्हणून खाडीवरच्या रेवस-करंजा पुलाची कल्पना बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आली. पुढची चार दशके ती कागदावरच राहिली. 1990 च्या ‘अग्निपथ’ चित्रपटाने मांडव्याचे नाव देशभर पोहोचवले, तरी गावातल्या तरुणाला कामासाठी मुंबईचीच वाट धरावी लागत होती.

कॅटामरान आणि बंगले

1996 च्या कायद्याने महाराष्ट्र सागरी मंडळ स्थापन झाले आणि राज्यातल्या लहान बंदरांचा कारभार त्याच्याकडे आला. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्यापर्यंत कॅटामरानच्या फेऱ्या वाढल्या. मांडव्याला उतरले की त्याच तिकिटात अलिबागची बस मिळू लागली. नोकरी-धंद्यासाठी, कोर्टकचेरीसाठी, दवाखान्यासाठी मुंबई गाठणाऱ्यांची मोठी सोय झाली. मात्र साधारण जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत या बोटी बंद, हा नियम राहिला. वर्षातले तीन महिने जी वाट बंद असते, तिच्या भरवशावर कोणी रोजची नोकरी धरू शकत नाही.

याच काळात मुंबईच्या पैशाची नजर किनाऱ्यावरच्या जमिनींकडे वळली. सातबाऱ्यावर दहा-पंधरा वारसांची नावे, त्यांतले बरेच मुंबई-ठाण्यात, कसायला गावात फक्त म्हातारा-म्हातारी. अशा घराने गुंठ्याला चांगला भाव आल्यावर जमीन विकली, तर त्याला दोष देता येत नाही. आलेल्या पैशातून मुलींची लग्ने झाली, मुलांची शिक्षणे झाली, पक्की घरे उभी राहिली. पण जमीन एकदाच विकता येते. पुढच्या पिढीच्या वाट्याला त्याच जमिनीवरच्या बंगल्यात राखणदारी, माळीकाम आणि साफसफाई आली. हे काम प्रामाणिक आहे, पण त्यावर घर चालवून गावात टिकून राहणे कठीण आहे.

2020 : कसोटीचे वर्ष

बंदराच्या वाटचालीत 2020 इतके धामधुमीचे वर्ष दुसरे नाही. सागरमाला योजनेतून मांडव्याला लाटारोधक भिंत, नवे टर्मिनल आणि गाड्या चढवण्याची व्यवस्था झाली होती. वाहिनीत साचणारा गाळ काढण्यात बराच काळ गेला, म्हणून गाड्यांसकट प्रवासी नेणाऱ्या रो-रो सेवेचा मुहूर्त लांबत होता. अखेर ग्रीसहून ‘एम2एम-1’ हे जहाज आले. सुमारे 500 प्रवासी आणि शंभराहून अधिक गाड्या नेणारे हे जहाज 15 मार्चला भाऊचा धक्का ते मांडवा धावू लागले.

त्याच्या आदल्याच दिवशी, 14 मार्चला, गेटवेहून निघालेली एक प्रवासी बोट मांडव्याजवळ बुडू लागली होती. गस्तीवरच्या पोलिसांच्या बोटीने धाव घेतली आणि सर्वच्या सर्व 88 प्रवासी सुखरूप बाहेर काढले. मोठे, स्थिर जहाज आणि सुरक्षेची पक्की शिस्त या किनाऱ्याला का हवी, ते त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

मग करोनाची टाळेबंदी आली आणि नवी सेवा आठवडाभरात थांबली. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले. रायगडच्या वाड्यांत नारळी-पोफळी ओळीने आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून हाती सुपारी यायला पाच-सात वर्षे जातात. तिशीतला माणूस पुन्हा लागवड करून तेवढी वाट पाहू शकतो. सत्तरीच्या वाडीवाल्याला त्या सुपारीचे पैसे कधी दिसणार? उतारवयाकडे झुकलेल्या भागात संकटानंतर सावरायला वेळ का लागतो, ते या एका पिकावरून समजते. ऑगस्टमध्ये, गणपतीच्या तोंडावर, रो-रो पुन्हा सुरू झाली. हवामान साथ देईल तेव्हा ती पावसाळ्यातही धावते. मांडव्याच्या इतिहासातला हा मोठा बदल आहे. गाडीसकट येता येते आणि रुग्णवाहिकाही थेट जहाजावर चढू शकते.

आजचा ताळेबंद

शनिवारी सकाळी जहाजाचा रॅम्प धक्क्याला टेकतो आणि मुंबईच्या गाड्यांची रांग बाहेर पडते. रविवारी संध्याकाळी तीच रांग उलटी लागते. हॉटेले, रिक्षा, भाड्याच्या खोल्या, भाजी-मासळी यांना त्यातून काम मिळते, हे खरेच. पण सोमवार ते गुरुवार काय, हा प्रश्न उरतो.

गावात बारमाही काम नसले की माणसे बाहेर जातात, हे कोकणाच्या आकड्यांतही दिसते. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली आढळली. रत्नागिरीची 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आली. रायगडचा आकडा मात्र वाढून 26 लाखांवर गेला. पण त्यातले साडेसात लाख लोक एकट्या पनवेल तालुक्यात होते. जिल्ह्याची वाढ पनवेलकडे वळली आणि जिल्ह्याच्या सरासरीत किनाऱ्यावरची म्हातारी होत चाललेली गावे झाकली गेली.

12 जानेवारी 2024 रोजी मुंबई आणि न्हावा-शेवा जोडणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. रेवस-करंजा पूलही आता कागदावरून पुढे सरकला आहे. तो झाला की मुंबईचा रस्ता खूपच जवळ येईल. बंदरापुढचे हे मोठे आव्हान आहे. रस्ता जवळ आला की जमिनीला मागणी आणखी वाढेल. त्या वेळी गावात राहून करण्याजोगे काम उभे नसेल, तर उरलेली शेतेही जातील.

पुढचा टप्पा

काम उभे करण्याजोगे इथे पुष्कळ आहे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कार्ले, खंडाळे, नेहुली भागात भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवर हा कांदा लावतात. काढल्यावर सुकवून पातीसकट त्याच्या माळा विणतात. पाती फार वाळली तर तुटते, ओली राहिली तर कुजते, म्हणून विणणारीच्या बोटांना नेमकी वेळ कळावी लागते. ही कला मुख्यतः वयस्क बायकांच्या हाती आहे. माळेला चांगला भाव मिळाला, तरच त्यांच्या सुना-मुली ती शिकतील. आज ती माळ अलिबागच्या रस्त्याकडेला टांगून पर्यटकांची वाट पाहते. ती टेम्पोतून रो-रोवर चढून तासाभरात भाऊच्या धक्क्याला उतरू शकते. त्यासाठी शेतमाल आणि मासळीच्या गाड्यांना परवडणारे भाडे, धक्क्याजवळ शीतगृह आणि गटाने विक्री एवढे हवे.

दुसरी गोष्ट रहिवाशांच्या प्रवासाची. एप्रिल 2023 मध्ये सुरू झालेली कोची वॉटर मेट्रो बेटांवरच्या रहिवाशांना समोर ठेवून आखली गेली. विजेवर चालणाऱ्या बोटी आणि सुरुवातीला किमान भाडे 20 रुपये. स्कॉटलंडने 2008 पासून हेब्रिडीज बेटांच्या फेरीचे भाडे तेवढ्याच अंतराच्या रस्त्याच्या खर्चाशी जोडायला सुरुवात केली. भाडे उतरले, पर्यटक वाढले आणि हंगामात बेटावरच्या लोकांनाच गाडीला जागा मिळेना, अशी तक्रार आली. दोन्ही अनुभव मांडव्याला उपयोगी आहेत. स्थानिकांना बारमाही पास हवा आणि प्रत्येक फेरीत त्यांच्यासाठी राखीव जागा हवी. असा पास असेल तर मुलगी गावातून मुंबईला कॉलेज करू शकेल, नोकरदार संध्याकाळी घरी येईल आणि आईबापांना दवाखान्यात न्यायला घरात माणूस असेल.

तिसरी गोष्ट बंदरातल्याच कामाची. तांडेल, खलाशी, इंजिन दुरुस्त करणारे कारागीर, सुरक्षा पथक ही सगळी माणसे याच पंचक्रोशीतून तयार झाली पाहिजेत. समुद्र अंगवळणी पडलेल्या कोळीवाड्यांतल्या मुलांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र मिळाले, तर त्यांच्याइतका भरवशाचा कर्मचारी दुसरीकडे सापडणार नाही.

मांडवा बंदराने मुंबईला इथे आणून दाखवले. आता इथला माल बाहेर पाठवणे आणि इथला माणूस इथेच राहील असे करणे, हे त्याचे काम आहे. पुढच्या दहा वर्षांच्या अहवालात प्रवाशांच्या आणि गाड्यांच्या आकड्यांशेजारी आणखी तीन रकाने असावेत : किती रहिवाशांनी बारमाही पास घेतला, किती शेतमाल आणि मासळी जहाजावर चढली, आणि पंचक्रोशीतल्या किती जणांना बंदराच्या आधारे कायम काम मिळाले. हे तीन आकडे वर्षागणिक चढत राहिले, तर मांडवा बंदराने गाव राखले असे म्हणता येईल.