दिसेल तोच गुन्हा : नाहूरच्या रस्त्यांवरील दुचाकी, वेग आणि हेल्मेट
नाहूर हे मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्या मधले गाव. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे जुना आग्रा रोड. पूर्वेला पूर्व द्रुतगती महामार्ग. आणि रुळांवरच्या पुलावरून या दोघांना जोडणारा गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता. आग्रा रोडवर दुकाने, कारखान्यांची फाटके आणि रिक्षांच्या रांगा यांमुळे वेग आपसूकच मरतो. महामार्गावर तोच दुचाकीस्वार दोन मिनिटांत तिप्पट वेगाने जाऊ लागतो. या पट्ट्याला रेल्वे स्थानक मिळाले ते २००६ साली. बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये भांडुपपर्यंत आली आणि १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत. पलीकडे लगेच ठाणे, म्हणून इथल्या सिग्नलला वडाळ्याच्या एमएच-०३ आणि ठाण्याच्या एमएच-०४ अशा दोन्ही पाट्या शेजारी शेजारी उभ्या असतात.

रस्त्यावरच्या बेफाम वाहनाला शिक्षा करणारा कायदा मोटारीच्याही आधीचा आहे. १८६०च्या भारतीय दंड संहितेतले कलम २७९ घोडा-गाडीच्या काळातले. सार्वजनिक रस्त्यावर हयगयीने वाहन हाकणे किंवा स्वारी करणे याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अशी त्यातली तरतूद होती. मोटारींसाठी देशभराचा पहिला कायदा १९१४चा. त्याने नोंदणी आणि परवाना आणला. १९३९च्या कायद्याने वेगाच्या मर्यादा परिशिष्टात घालून दिल्या. या सगळ्यांचा रोख एकच होता: वाहनापासून इतरांना वाचवायचे. चालवणाऱ्याच्या डोक्याचे काय व्हायचे ते होवो, ती त्याची खासगी बाब.

याच कायद्यांत एक कलम असे आहे की पुढचा सगळा इतिहास त्यातून वाचता येतो. एकाच साक्षीदाराने ‘माझ्या मते गाडी जास्त वेगात होती’ असे सांगितले, तर तेवढ्यावर कोणाला दोषी ठरवता येत नाही. ते मत यांत्रिक साधनाने काढलेल्या अंदाजावर आधारलेले असले पाहिजे. तरतूद न्याय्यच होती. पण नाक्यावरच्या हवालदाराकडे साधन नसे, त्याची शिट्टी आणि वही असे. परिणामी कागदावर वेग हा मोठा गुन्हा राहिला आणि रस्त्यावर पावती फाटे ती सिग्नल तोडल्याची, ट्रिपल सीटची, लायसन जवळ नसल्याची. डोळ्यांना दिसते ते पकडायचे, हा वाहतूक पोलिसांचा स्वभावदोष नव्हता. कायद्याने त्यांना तेवढेच शक्य ठेवले होते.

त्या काळातली दुचाकी नाहूरच्या शेजारीच तयार होत होती. १९४९ साली मुंबईत स्थापन झालेली ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे एपीआय, हिचा कारखाना भांडुपला होता. इटलीतल्या इनोचेंटी कंपनीच्या लॅम्ब्रेटा स्कूटरची जोडणी आणि पुढे परवान्यावर उत्पादन या कंपनीने केले. त्याच भांडुपात सिएटचा टायरचा कारखाना. लॅम्ब्रेटाचे गिअर डाव्या मुठीत, ब्रेक ड्रमचे, चाके जेमतेम दहा इंची. चाक लहान असले की तोच खड्डा मोठा होतो. मोटारसायकलचे अठरा इंची चाक ज्यावरून हिसका देऊन निघून जाईल, त्यात स्कूटरचे पुढचे चाक अडकते आणि चालवणारा हँडलवरून पुढे जातो. पावसाळ्यात पाणी साचलेल्या आग्रा रोडवर खड्डा दिसतही नसे. वेग कमी, तरी डोके असुरक्षित, अशी ही जातकुळी. हेल्मेट घालणारे मात्र विरळा.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० बाजारात आल्या. २००१ मध्ये बजाजची पल्सर आली. स्कूटर मागे पडली आणि ‘गाडी’ म्हणजे मोटारसायकल असे समीकरण झाले. पिकअप हा शब्द कॉलेजच्या पोरांच्या तोंडी याच गाड्यांनी रुळवला.

गाड्या बदलत असतानाच कायदाही बदलला. १९८८चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ रोजी लागू झाला. त्याच्या कलम १२९ने चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही प्रमाणित हेल्मेट बंधनकारक केले. पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट दिली. स्वतःचे डोके फोडून घेण्याचे स्वातंत्र्य माणसाला आहे का, हा प्रश्न त्याआधीच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. आंध्र प्रदेशच्या हेल्मेट नियमाविरुद्धच्या अजय कानू खटल्यात न्यायालयाने १९८८ मध्ये नियम वैध ठरवला. तरीही पुण्यात ‘हेल्मेटसक्ती’ हा शब्द पुढे आंदोलनाचे नाव झाला आणि सक्तीविरोधी कृती समिती उभी राहिली. मुंबईत तसे आंदोलन पेटले नाही. इथे हेल्मेट कोपरात अडकवून फिरायचे, नाकाबंदी दिसली की डोक्यावर चढवायचे आणि पट्टा तसाच लोंबता ठेवायचा, अशी तडजोड निघाली. पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच आदळण्यात निसटते. पण पावतीपुरते ते पुरते. नियम दिसण्यावर बेतला की पाळणेही दिसण्यापुरते होते, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.

मागे बसणाऱ्याकडे तर फार काळ कोणी पाहिलेच नाही. २८ जुलै २०१५ रोजी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात दुचाकी आदळली. चालवणाऱ्याने हेल्मेट घातले होते, तो वाचला. मागे बसलेला सोळा वर्षांचा प्रकाश बिल्होरे गेला. त्याचे वडील दादाराव, अंधेरीचे भाजीविक्रेते, तेव्हापासून स्वतःच्या हातांनी शहरातले खड्डे बुजवत आले. अपघातात वेग, खड्डा आणि हेल्मेट यांपैकी दोष कोणाचा, या वादात महापालिका, पोलीस आणि चालक एकमेकांकडे बोट दाखवतात. त्या अपघातात मात्र खड्डा आणि हेल्मेट दोन्ही एकत्र होते.

२०१६ हे वर्ष या इतिहासात वळणाचे ठरले. जुलैत परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी घोषणा केली. पंपचालकांनी विरोध केला आणि महिन्याभरात ती सौम्य झाली. अंमलबजावणी पंपावरच्या पोरावर ढकलण्याची कल्पना टिकण्यासारखी नव्हतीच. ऑगस्टमध्ये खारला विनाहेल्मेट अल्पवयीन चालकाला अडवल्यावर वाहतूक हवालदार विलास शिंदे यांच्यावर हल्ला झाला आणि ३१ ऑगस्टला त्यांचा मृत्यू झाला. २ ऑक्टोबरला शहराच्या सीसीटीव्ही प्रकल्पाचे उद्घाटन झाले आणि त्याच महिन्यात ई-चलान सुरू झाले. कॅमेऱ्याशी हुज्जत घालता येत नाही, तोडपाणीही करता येत नाही.

कॅमेऱ्याने गुन्हेगाराची ओळखही बदलली. हवालदार माणसाला अडवतो, कॅमेरा पाटी वाचतो. नोटीस जाते ती मालकाला. चालवत कोण होते ते सांगण्याचे कर्तव्य कायद्याने मालकावर आहे. भावाची गाडी नेणारा, डिलिव्हरीसाठी दुसऱ्याच्या नावावरची गाडी चालवणारा, यांचा दंड महिन्यांनी तिसऱ्याच्याच मोबाइलवर येतो.

वेगाचा गुन्हाही अखेर दिसू लागला. ६ एप्रिल २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेने मोटारसायकलला शहरी रस्त्यांवर ताशी ६० आणि दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यांवर ८० किलोमीटर अशी कमाल मर्यादा घातली. २०१९च्या दुरुस्तीने वेगाच्या पुराव्यासाठी यांत्रिकाच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक साधन मान्य केले, आणि ऑगस्ट २०२१च्या नियम १६७-अ ने कॅमेऱ्याला मान्यतेचे प्रमाणपत्र, आधी सूचनाफलक आणि पंधरा दिवसांत नोटीस अशा अटी घातल्या. वाढीव दंड देशात १ सप्टेंबर २०१९ पासून आले. महाराष्ट्राने ते डिसेंबर २०२१पर्यंत लांबवले. मे २०२२ मध्ये मुंबई वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट न घातल्यास पाचशे रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबन जाहीर केले. कलम १२९ तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. त्या वर्षी देशात हेल्मेटविना मेलेल्या ५०,०२९ जणांत १४,३३७ जण मागच्या सीटवरचे होते.

दरम्यान यंत्रावरही नियम चढले. एप्रिल २०१७ पासून दिवसाही पेटता हेडलाइट, एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना एबीएस, जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठी फक्त आयएसआय छापाचीच हेल्मेट विकण्याची सक्ती. यांत पोलिसाची गरज नाही, म्हणून गाजावाजाही नाही. ओल्या रस्त्यावर चाक लॉक होऊ न देणारा ब्रेक रस्त्यावरच्या कोणाला दिसत नाही, आणि तो लागू करायला नाकाबंदीही लागत नाही.

मुंबईने वेगावर आणखी एक उपाय वापरला आहे: दुचाकीलाच रस्ता बंद करणे. जे. जे. पुलावर २०१० पासून बंदी. वांद्रे-वरळी सेतू, पुणे द्रुतगती मार्ग, सागरी किनारा मार्ग आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू यांवर दुचाकीला प्रवेशच नाही. नाहूरजवळचा पूर्व द्रुतगती महामार्ग या यादीत नाही. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या विस्तारात राष्ट्रीय उद्यानाखालून सुमारे ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे आहेत. त्यांचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. आजवर नाहूरहून पश्चिम उपनगरात जाणाऱ्या दुचाकीला त्याच जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याचा किंवा घोडबंदरचा वळसा आहे.