एपिसोड: १९८८, लास व्हेगास आणि राणीची जोडी

आज एकाच डावाचा इतिहास बघू.

साल १९८८, लास व्हेगासमधलं बिनियन्स हॉर्सशू. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला १६७ जण, प्रत्येकी १०,००० डॉलर भरून. शेवटी उरले दोघंच. एक जॉनी चॅन, आदल्या वर्षीचा विजेता. दुसरा एरिक सायडेल, बॅकगॅमन खेळून आलेला, इथे नवखा. चिप्स चॅनकडे जास्त.

ज्यांनी फक्त मेंढीकोट खेळलंय त्यांच्यासाठी: होल्डेममध्ये तुमची दोन पानं बंद आणि टेबलावर पाच पानं सगळ्यांसाठी उघडी. ही उघडी पानं म्हणजे बोर्ड.

सायडेलकडे राणी आणि सत्ती. पहिली तीन पानं उघडली: राणी, दश्शी, अठ्ठी. राणीची जोडी जमली की! दोघांतच खेळ असताना ही जोडी वाईट नाही. पण बोर्ड बघा. ज्याच्याकडे गुलाम आणि नव्वी, त्याची अठ्ठीपासून राणीपर्यंत सलग पाच पानं तयार. चॅनकडे नेमकं तेच होतं.

सायडेलने रेझ केलं, चॅनने नुसतं कॉल. चौथं पान दुर्री. सायडेलने चेक केलं, चॅननेही चेक. इथपर्यंत पॉट आटोक्यात होता. पाचवं पान छक्की, आणि सायडेल ऑल-इन! चॅनने कॉल केलं. खेळ खलास. ७,००,००० डॉलर आणि सलग दुसरं विजेतेपद चॅनचं.

आता लॉजिक लावू. अशा बोर्डवर ऑल-इन केलं तर कॉल कोण करणार? ज्याच्याकडे काहीच नाही तो पानं टाकून मोकळा. एखादा दश्शीची जोडी घेऊन कॉल करेलही. पण बाकी कॉल करणारे कोण? राणीसोबत मोठं पान असलेले, दोन जोड्यावाले, सलग पानंवाले. म्हणजे हरणारे बहुतेक पळतात, जिंकणारे थांबतात. तेच सायडेलने पुन्हा चेक केलं असतं, तर चॅनने बेट लावल्यावर विचार करायला जागा उरली असती. कदाचित तरी चिप्स गेल्या असत्या, पण सगळं स्वतःहून पुढे ढकललं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, मधल्या ताकदीच्या हाताचं तसंच आहे. पॉट लहान ठेवून शेवटी पानं दाखवावीत.

या डावाचं खरं फुटेज १९९८ च्या ‘राउंडर्स’ सिनेमात आहे, त्यामुळे सायडेलचा पराभव जगभर पुन्हापुन्हा बघितला गेला. पण गडी संपला नाही. १९९२ मध्ये पहिलं ब्रेसलेट, २०१० मध्ये पोकर हॉल ऑफ फेम, आणि २०२३ पर्यंत एकूण १० ब्रेसलेट.

तेव्हा सिनेमा बघाल तर तो सीन जरा थांबवून बघा. चॅनची पानं बाजूला ठेवा, फक्त बोर्ड वाचा. तुम्ही काय केलं असतं, ते कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या एपिसोडला!