भारत–भूतान जलविद्युत सहकार्य

भूतानच्या नद्यांवर भारताच्या पैशाने व तंत्रज्ञानाने वीज प्रकल्प उभारायचे, देशाची गरज भागून उरणारी वीज भारताने विकत घ्यायची आणि त्या उत्पन्नातून भूतानने कर्ज फेडायचे, अशी ही व्यवस्था. स्वच्छ ऊर्जेवर आधारलेल्या शेजारसंबंधांचे दक्षिण आशियातील हे सर्वांत यशस्वी उदाहरण होय.

सुरुवातीला वीज उलट दिशेने वाहत होती. १९६१ च्या करारानुसार पश्चिम बंगालच्या सीमेवरील जलढाका प्रकल्पातून दक्षिण भूतानला वीज मिळू लागली. १९७४ मध्ये चुखा प्रकल्पाचा करार झाला आणि चित्र पालटले. वांगछू नदीवरचा हा ३३६ मेगावॉटचा प्रकल्प १९८६ ते १९८८ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्याचा सगळा खर्च भारताने दिला : ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज. १९९१ मध्ये तो भूतानच्या स्वाधीन झाला. पुढे याच सूत्राने कुरिछू (६० मेगावॉट) आणि ताला (१,०२० मेगावॉट, २००६-०७) उभे राहिले. तालाची वीज थेट उत्तर भारतात नेण्यासाठी सिलिगुडीपासून दिल्लीजवळच्या मंडोलापर्यंत सुमारे १,१६६ किलोमीटरची पारेषण वाहिनी टाकण्यात आली. टाटा पॉवर आणि पॉवरग्रिड यांच्या संयुक्त कंपनीने ती उभारली.

हे प्रकल्प बहुतांशी वाहत्या पाण्यावर चालतात. मोठा जलाशय न बांधता नदीचे पाणी छोट्या धरणाने वळवायचे, डोंगरातील बोगद्यातून न्यायचे आणि उंचावरून खाली सोडून टर्बाइन फिरवायचे. तालाचा बोगदा सुमारे २३ किलोमीटर लांब आहे व पाणी ८०० मीटरांहून अधिक उंचीवरून पडते. त्यामुळे बुडीत क्षेत्र फारसे नसते. देशाची किमान ६० टक्के भूमी कायम वनाखाली ठेवण्याचे बंधन संविधानानेच घातलेल्या भूतानला ही पद्धत मानवते. हिची मोठी उणीव मात्र हिवाळ्यात दिसते. पावसाळ्यात दुथडी वाहणाऱ्या नद्या थंडीत रोडावतात, उत्पादन कोसळते आणि वीज निर्यात करणाऱ्या भूतानला त्या महिन्यांत भारताकडूनच वीज विकत घ्यावी लागते.

दुसरी अडचण पैशाची. २००९ मध्ये उभय देशांनी २०२० पर्यंत १०,००० मेगावॉट क्षमतेचे लक्ष्य ठरवले. प्रत्यक्षात त्या वर्षी भूतानची एकूण क्षमता जेमतेम २,३०० मेगावॉटच्या आसपास होती. दरम्यान अनुदानाचा वाटाही घटला. मांगदेछू (७२० मेगावॉट, २०१९) आणि पुनात्सांगछू-२ यांच्यासाठी ३० टक्के अनुदान व ७० टक्के कर्ज असे प्रमाण ठरले. पुनात्सांगछू-१ या १,२०० मेगावॉटच्या प्रकल्पात जुलै २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजव्या तीरावरचा डोंगर सरकला. मुख्य धरणाचे काम वर्षानुवर्षे अडले आणि मूळचा सुमारे ३,५१५ कोटी रुपयांचा खर्च ९,३७५ कोटींवर गेला. हिमालयाचा खडक ठिसूळ आहे हे उघडच होते. तरीही विलंबाचे व्याज अखेर भूतानच्या कर्जात जमा व्हावे, हे न्याय्य म्हणता येत नाही. चुखाच्या वेळचा उदार हिशेबच दोन्ही देशांच्या हिताचा होता. पुनात्सांगछू-२ चे (१,०२० मेगावॉट) उद्‌घाटन नोव्हेंबर २०२५ मध्ये झाले.

सरकारी चौकटीबाहेरचा मार्ग दागाछू प्रकल्पाने दाखवला. १२६ मेगावॉटच्या या प्रकल्पात मुंबईच्या टाटा पॉवरचा २६ टक्के हिस्सा आहे. दागाछूची वीज भारतातील कोळशाच्या विजेची जागा घेते, या आधारे संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेखाली त्याची नोंद झाली. सीमेपलीकडच्या कार्बन बचतीचा असा हा जगातील पहिला प्रकल्प. १९१५ मध्ये खोपोलीत सह्याद्रीच्या पाण्यावर वीजनिर्मिती सुरू करणाऱ्या टाटा उद्योगसमूहाचा हा वारसा हिमालयात पोचला आहे. २०२४ मध्ये भूतानच्या ड्रुक ग्रीन पॉवर महामंडळाशी टाटा पॉवरने ५,००० मेगावॉट स्वच्छ ऊर्जेसाठी करार केला आणि ६०० मेगावॉटचा खोरलोछू प्रकल्प हाती घेतला.

या व्यवहाराची कक्षा आता दोन देशांपुरती राहिलेली नाही. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेपाळची ४० मेगावॉट वीज भारतीय जाळ्यातून प्रथमच बांगलादेशात पोचली. भूतान आणि बांगलादेश यांच्यामध्येही भारताची चिंचोळी पट्टी आहे. भूतानची वीज बांगलादेशात न्यायची तर वाट भारतानेच द्यावी लागेल, आणि नेपाळला दिली तशी ती द्यायला हवी.