हळदच तर आहे!

गेल्या दिवाळीत आत्याच्या केमोच्या फाइलशेजारी कर्क्युमिनच्या कॅप्सूलची बाटली दिसली. "डॉक्टरांना विचारलंस का गं?" तर म्हणे, "अरे, हळदच तर आहे!" यावर काय बोलणार? एक अख्खा शनिवार जुने पेपर्स वाचण्यात घालवला.

तर मंडळी, हळदीतला हा पिवळा पदार्थ व्होगेल आणि पेल्तिए यांनी वेगळा काढला १८१५ मध्ये. त्याची रचना कळायला १९१० उजाडलं. कॅन्सरचा धागा जुळला १९८५ मध्ये, आपल्याच देशात. त्रिशूरच्या अमला कॅन्सर हॉस्पिटलमधले रामदासन कुट्टन आणि सहकारी यांना दिसलं, की हळदीच्या अर्कानं कॅन्सरच्या पेशी मरतात. त्याच मात्रेला रक्तातल्या लिम्फोसाइट पेशीही मरत होत्या, पण हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

मग १९९५. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमध्ये भारत अगरवाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की कर्क्युमिन 'एनएफ-कप्पा-बी' नावाच्या प्रथिनाला रोखतं. हे प्रथिन म्हणजे पेशीला 'मरू नकोस' सांगणारं बटण. बऱ्याच कॅन्सरमध्ये ते चालूच राहिलेलं असतं. (माशेलकरांच्या सीएसआयआरने १९९७ मध्ये जिंकलेली पेटंटची लढाई जखमेवरच्या हळदीची होती. आपण दोन्हीची खिचडी करतो.) पुढे अगरवाल यांचे वीसहून अधिक पेपर्स जर्नल्सनी मागे घेतले, ते वाचून मात्र वाईट वाटलं.

पण खरी गोम पोटात आहे. काचेच्या बशीत पेशींवर कर्क्युमिन थेट ओतता येतं. गिळलेलं मात्र पाण्यात नीट विरघळत नाही, आणि जे शोषलं जातं ते आतडं आणि यकृत झटपट निकामी करतात. आमच्या भाषेत, 'माझ्या मशीनवर तर चालतंय!' २००८ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिलं. हळदीत ते साधारण ३ टक्के धरलं, तर पाव किलोहून जास्त हळद झाली. तपासता आलेल्या २१ जणांपैकी दोघांतच परिणाम दिसला, त्यातल्या एकाची गाठ आक्रसली ती थोड्याच काळासाठी.

आत्याच्या बाटलीवर 'मिरीयुक्त' असंही होतं. मिरीतल्या पिपरिनमुळे कर्क्युमिन जास्त शोषलं जातं, हे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं. पण औषधांचा निचरा करणाऱ्या एन्झाइम्सनाच ते अडवतं, म्हणजे केमोच्या औषधाची मात्राही बिघडू शकते. हे वाचल्यावर मी सोमवारची वाट न बघता फोन केला.

डॉक्टरांनी कॅप्सूल बंद करायला सांगितल्या. आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आमटीत हळद मात्र पूर्वीइतकीच घालते, त्याला डॉक्टरांचीही ना नाही.