वनस्पतिउद्याने आणि लोकशिक्षण : माथेरान व बोरघाट परिसर

वनस्पतिउद्यान हे शोभेच्या बागेहून भिन्न होय. जिवंत वनस्पतींचा संग्रह, त्यांचे मूलस्थान सांगणारी नोंदवही, शुष्क नमुन्यांचा संग्रह व नामपट्टी ही त्याची मुख्य अंगे. यांपैकी सामान्य प्रेक्षकाच्या वाट्याला बहुधा नामपट्टीच येते. तेव्हा उद्यानाचे शैक्षणिक मोल बव्हंशी तिच्यावर ठरते.

मुंबई इलाख्यातील आरंभीची उद्याने लोकशिक्षणासाठी नव्हती. पुण्याजवळील दापोडी (१८२८) व मुंबईतील शिवडी येथे उपयुक्त परदेशी वनस्पती रुजतात का, हे पाहिले जाई. शिवडीच्या जागी १८६५ मध्ये दफनभूमी झाली. दापोडीची मालमत्ताही विकली गेली. सर्वसामान्यांसाठी भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये खुली झाली. जुन्या बागांचे खरे फलित ग्रंथरूपानेच उरले. टपाल खात्यातील अधिकारी जॉन ग्रॅहॅम यांनी मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची तयार केली. ती छापून पूर्ण होण्यापूर्वीच १८३९ मध्ये खंडाळा येथे त्यांचे निधन झाले व उरलेले काम निम्मो यांनी पुरे केले. दापोडीचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी डॅल्झेल यांच्यासह लिहिलेला मुंबई इलाख्याच्या वनश्रीवरील ग्रंथ १८६१ मध्ये निघाला.

खंडाळ्याखाली बोरघाट उतरला की खालापूर तालुका लागतो आणि त्याच्या उत्तरेस कर्जत तालुक्यात माथेरानचा डोंगर आहे. येथे अभ्यास झाला तो लावलेल्या बागेत नव्हे, तर मोकळ्या वनात. ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये हे ठिकाण प्रकाशात आणल्यावर डॉ. स्मिथ यांनी तेथील लोक, वनस्पती व प्राणी यांवर पुस्तक लिहिले (१८७१). पुढे न्यायमूर्ती बर्डवुड यांनी माथेरान-महाबळेश्वरच्या वनस्पतींची यादी प्रसिद्ध केली. हे सर्व लेखन इंग्रजीत होते. ज्या ठाकूर, कातकरी व धनगरांना हे रान नित्याच्या वापरातून ठाऊक होते, त्यांना ते वाचता येण्याजोगे नव्हते. नामपट्टीवर केवळ लॅटिन नाव लिहिण्याच्या प्रथेतही हाच दोष आहे : ‘अंजनी’ किंवा ‘हिरडा’ हा शब्द नसेल, तर कर्जतच्या शाळकरी मुलाला घरचे झाडही परके वाटते.

माथेरान व भोवतालचा प्रदेश २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. तेथील कारवी मात्र नामपट्टीने पुरती कळत नाही. ती सामान्यतः सात वर्षांनी एकदाच सामुदायिक फुलते व बी धरून वाळते; एरवीच्या वर्षी पाहुण्याला नुसती पानेच दिसतात. तिच्या काठ्यांचे कूड उभारून त्यांवर शेणमातीचा गिलावा देण्याची रीत या भागात जुनी आहे.